छातीवरची दुखरी शीर : मोंदोरच्या विकाराची ओळख

छातीच्या अथवा स्तनाच्या त्वचेलगत असलेल्या एखाद्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती शीर सुजते, दुखते आणि थोड्याच दिवसांत ताणलेल्या सुतळीसारखी हाताला लागू लागते, या क्वचित आढळणाऱ्या अवस्थेस मोंदोरचा विकार असे म्हणतात. हा विकार निरुपद्रवी असून बहुधा आपोआप बरा होतो. परंतु स्तनात काहीही हाताला लागले की पहिली शंका कर्करोगाची येते आणि ती बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यासारख्या दाट वस्तीच्या भागात, जिथे दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी ‘शीर आखडली असेल’ म्हणून तेल चोळले जाते, तिथे या विकाराचे स्वरूप समजून घेणे अधिकच उपयोगाचे आहे.

लंडनमधील वैद्य फॅग यांनी एकोणिसाव्या शतकातच या अवस्थेची नोंद केली होती; परंतु तिचे सविस्तर वर्णन १९३९ साली फ्रेंच शल्यविशारद आंरी मोंदोर (१८८५–१९६२) यांनी केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने आढळतो आणि बहुतेक रुग्ण ३० ते ६० या वयोगटातील असतात.

शरीरातील अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरा दोन थरांत असतात : काही स्नायूंच्या आत खोलवर, तर काही त्वचेच्या लगेच खाली. शिरेत गुठळी होण्याची तीन कारणे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाशी जोडली जातात : रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. छातीवरील शिरांच्या बाबतीत पहिली दोन कारणे सहज घडून येतात, कारण घट्ट अंतर्वस्त्राचा किंवा पट्ट्याचा सततचा दाब, छातीला बसलेला मार, हाताला व खांद्याला पडलेला अतिरिक्त ताण, जंतुसंसर्ग, तसेच स्तनाची शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी मांसाचा तुकडा काढणे यांपैकी कशानेही त्या शिरा दुखावतात. मात्र अनेक रुग्णांत कोणतेही कारण सापडत नाही.

प्रारंभी एका बाजूला ओढल्यासारखी वेदना होते, त्वचा किंचित लालसर होते आणि नंतर काखेपासून स्तनाच्या कडेने पोटाच्या वरच्या भागाकडे जाणारी कडक रेषा जाणवते. हात डोक्यावर नेला की त्वचा आत ओढली जाऊन त्या रेषेवर खाच पडते. स्तनाच्या कर्करोगातही त्वचा आत ओढली जात असल्याने ही खाच पाहून रुग्ण घाबरतो. पुढे वेदना ओसरते, गुठळी विरत जाते, शिरेतून रक्त पुन्हा वाहू लागते आणि सामान्यतः ४ ते ८ आठवड्यांत सर्व पूर्ववत होते. कडकपणा मात्र कधी कधी काही महिने राहतो.

त्वचेलगतच्या शिरेची गुठळी सर्वत्र इतकी निरुपद्रवी नसते. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर असून मागावर तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांतील शिरा फुगण्याचा धोका वाढतो, आणि अशा फुगलेल्या शिरांत गुठळी झाली तर ती खोल शिरांपर्यंत पसरू शकते. म्हणून पायातील गुठळी सुमारे ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असल्यास डॉक्टर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा विचार करतात, आणि ती जांघेजवळ पोहोचली असेल तर अधिकच सावध होतात. सुमारे ३,००० रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा औषधाचा ४५ दिवसांचा उपचार परिणामकारक ठरला. सलाईनच्या सुईमुळे हातावरची शीर सुजते तो प्रकार मात्र बहुधा सुई काढून शेक दिल्यावर निवळतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणाच्या हातापायांवरील शिरा पाळीपाळीने दुखू लागल्या, तर बुर्गरच्या रोगाची शंका घ्यावी लागते. त्यात धमन्याही बंद होतात आणि धूम्रपान न सोडल्यास बोटे गमावण्याची वेळ येते. जागा बदलत पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा गुठळ्या शरीरात लपलेल्या कर्करोगाचे लक्षण असू शकतात, हे फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी १८६५ साली सांगितले होते.

मोंदोरच्या विकारातही थोड्या रुग्णांत स्तनाचा कर्करोग सोबत असल्याचे आढळले आहे. त्यामुळे ‘ही नुसती शीर आहे’ हा निष्कर्ष घरी काढण्याचा नसून, स्तनाची प्रत्यक्ष तपासणी, सोनोग्राफी, रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी झाल्यानंतर डॉक्टरांनी सांगण्याचा आहे. बुऱ्हाणपूरमध्ये आयुर्वेद व युनानी या दोन्ही परंपरांची महाविद्यालये असल्याने पहिला सल्ला तेथील वैद्य-हकिमांकडे घेतला जाणे स्वाभाविक आहे. मात्र त्या सल्ल्यानंतरही या तपासण्या व्हायलाच हव्यात, मग त्यासाठी खंडव्याला किंवा जळगावला जावे लागले तरी हरकत नाही.

उपचार साधा असतो : कोमट शेक, वैद्यकीय सल्ल्याने वेदना व सूज कमी करणारी औषधे, आधार देणारे पण न आवळणारे कपडे आणि काही काळ जड कामापासून त्या बाजूच्या हाताला विश्रांती. दुखऱ्या शिरेवर जोराने चोळणे टाळावे, कारण त्यामुळे सुजलेली शीर अधिक दुखावते. रक्त पातळ करणारी औषधे किंवा शस्त्रक्रिया सहसा लागत नाही.

या विकाराबाबत भीती आणि दुर्लक्ष ही दोन्ही टोके सारखीच नुकसान करणारी आहेत. तपासणीनंतर आजार निरुपद्रवी निघाला, तर स्त्रीला अनेक आठवड्यांच्या चिंतेतून मुक्तता मिळते. आणि क्वचित काही गंभीर निघाले, तर उपचारासाठी मोलाचा वेळ हाती राहतो. म्हणूनच घरातील आई, बहीण किंवा सून छातीवरच्या दुखऱ्या शिरेविषयी बोलू लागली, तर तिला गप्प न करता तिच्यासोबत दवाखान्यात जाणे हे कुटुंबाचे कर्तव्य ठरते.