भूक डोक्यात शिरते तेव्हा

धडधाकट, हसत्याखेळत्या तरुणाला सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर तो वाळेल हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? पण तो पाककृतींची पुस्तकं जमवत बसेल, हे कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

१९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी हा प्रयोग सुरू केला. युद्धानं युरोपात उपासमार माजली होती आणि उपाशी माणसांना परत धष्टपुष्ट कसं करायचं, हे शोधायचं होतं. आपणहून पुढे आलेल्यांमधून ३६ तरुण निवडले. हातात बंदूक धरणार नाही असं म्हणणारी ही मंडळी. तन आणि मन दोन्ही ठणठणीत आहेत हे तपासूनच त्यांना घेतलं होतं. मुक्काम कुठे? फुटबॉल स्टेडियमच्या खाली!

आधी तीन महिने भरपेट. मग २४ आठवडे साधारण निम्मं जेवण: बटाटे, सलगम, काळसर पाव, मॅकरोनी. वर आठवड्याला ३५ किलोमीटर चाल.

पगार अर्ध्यावर आला की आपण घरखर्च आवळतो, तसं शरीरानं एकेक खर्च कापला. हृदयाचे ठोके मंदावले, ऐन उन्हाळ्यात हुडहुडी भरू लागली, केस गळले. इथवर समजण्यासारखं आहे.

खरं नवल मनात घडत होतं. जगभरच्या प्रश्नांवर वाद घालणारी ही मुलं आता फक्त खाण्यावर बोलू लागली. ताट समोर आलं की घासाचे इवले तुकडे करायचे, अन्नात पाणी घालून ते वाढवायचं, जेवण दोन-दोन तास पुरवायचं आणि शेवटी ताट चाटून लख्ख करायचं. एकानं तर दिवसाला च्युइंगमच्या ४० पाकिटांपर्यंत मजल मारली. थट्टामस्करी संपली, माणसं नकोशी झाली.

आता ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणंच तोडायला लावणारा आजार, झालेल्या मुलीच्या घरात डोकावा. (मुलग्यांनाही होतो बरं का, फक्त उशिरा लक्षात येतो.) ती सगळ्यांसाठी हौसेनं लाडू वळते, स्वतः एक कणही तोंडात टाकत नाही. अर्धी पोळी कुस्करत तासभर बसते. आपण म्हणतो, नखरे आहेत. पण मिनेसोटातल्या त्या तरुणांना बारीक व्हायची हौस कुठे होती? ज्याला आपण आजाराचं मूळ समजतो, त्यातलं बरंचसं उपाशी राहण्याचाच परिणाम असतं. डाएटची सुरुवात कुणाच्या टोमण्यानं होवो नाहीतर आरशाच्या धास्तीनं, पुढची सूत्रं भूकच हाती घेते.

मग डाएट करणाऱ्या सगळ्यांनाच हा आजार का जडत नाही? २०१९ साली जवळपास १७ हजार रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. मनाच्या विकारांशी नातं निघालं, ते अपेक्षितच होतं. पण शरीर साखर आणि चरबी कशी वापरतं, त्याच्याशीही निघालं!

त्याहून चक्रावणारी गोष्ट उंदरांची. दिवसातून थोडाच वेळ खायला दिलं, तर उंदीर जुळवून घेतो आणि जगतो. सोबत पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, की तो धावत सुटतो. वजन घटतं तसा आणखी धावतो, समोरचं अन्नही कमी खातो आणि वेळीच थांबवलं नाही तर मरतो. आता उंदराला फॅशनची मासिकं कुणी दाखवली?

‘मग रुग्णाला पोटभर खाऊ घाला की!’ असं कुणी म्हणेल. पण ते इतकं सोपं नाही. मिनेसोटात निर्बंध उठल्यावर काही जण आजारी पडेपर्यंत खात आणि तरी म्हणत, भूक आहेच. फार खंगलेल्या माणसाला तर एकदम भरपूर जेवण देणं जिवावर बेतू शकतं. अन्न पोटात जाताच इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये खेचलं जातं आणि हृदय डगमगतं. म्हणून अशा रुग्णाचं पहिलं जेवण डॉक्टर मोजून देतात आणि रोज रक्त तपासत हळूहळू वाढवतात.