फिरते घर, मागे मोटार : हलक्या बंदिस्त ट्रेलरची निवड

निवृत्तीनंतर मोटारहोम घेऊन देश पाहावा, ही अमेरिकेतील असंख्य दांपत्यांची मनीषा असते. मुलामुलींकडे तेथे जाणाऱ्या मराठी आईवडिलांनाही महामार्गांवर ही फिरती घरे दिसतात आणि त्यांतील अनेकांच्या मागे एखादी छोटी मोटार जोडलेली आढळते. कारण साधे आहे. ३५ फुटांचे घर गावातील अरुंद रस्त्यांवर नेता येत नाही आणि मुक्कामी वीज-पाण्याच्या नळ्या जोडल्यानंतर केवळ दूध आणण्यासाठी ते हलविणे सोयीचे नसते.

मोटार मागे नेण्याचे तीन मार्ग आहेत : चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढणे, पुढील दोन चाके डॉलीवर उचलून ओढणे किंवा संपूर्ण मोटार ट्रेलरवर चढविणे. अनेक स्वयंचलित गिअरच्या मोटारी पहिल्या पद्धतीने ओढल्यास त्यांचे गिअरबॉक्स निकामी होऊ शकतात. जुनी, जतन केलेली किंवा खाली टेकलेली स्पोर्ट्स मोटार असेल, तर धूळ, पाऊस व उडणारे खडे यांपासून तिचे रक्षण बंदिस्त ट्रेलरच करतो. मात्र या संरक्षणाची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते.

प्रथम वजनाचा ताळेबंद

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. प्रत्येक मोटारहोमला निर्मात्याने एक एकत्रित वजनमर्यादा ठरवून दिलेली असते. त्यात घर, माणसे, पाणी, सामान आणि मागील ओझे हे सर्व धरले जाते. ही मर्यादा २६,००० पौंड आहे आणि भरलेले घर २१,००० पौंडांचे आहे, असे समजू. शिल्लक उरतात ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो. ट्रेलर जेथे अडकवितात त्या हिचची स्वतंत्र मर्यादा असते; पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक मोटारहोमवर तीही ५,००० पौंडच असते. दोहोंपैकी जी कमी, तीच खरी मर्यादा होय.

आता खर्चाची बाजू पाहू. माझदा मियाटासारखी छोटी मोटार सुमारे २,४०० पौंडांची असते. पट्टे, जादा चाक व अवजारे यांसाठी २०० पौंड धरावेत. ट्रेलर रिकामा असताना ३,२०० पौंडांचा असेल, तर बेरीज ५,८०० होते आणि हिशेब तुटीत जातो. तोच ट्रेलर २,००० पौंडांचा असेल, तर बेरीज ४,६०० वर थांबते.

जोडावरील भार

ट्रेलर रस्त्यावर डोलू नये म्हणून त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढील जोडावर पडणे आवश्यक असते. ५,००० पौंडांच्या हिचला हा उभा भार बहुधा ५०० पौंडांपर्यंतच चालतो. ४,६०० पौंडांच्या ट्रेलरसाठी किमान ४६० पौंड हवेत आणि ५०० च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे मोकळीक केवळ ४० पौंडांची. ट्रेलर पूर्ण ५,००० पौंडांचा झाल्यास ही मोकळीक शून्यावर येते, तर ४,००० पौंडांचा असल्यास ती १०० पौंडांपर्यंत वाढते. हलकेपणाचा खरा लाभ इंधनबचतीपेक्षा या मोकळिकीत आहे.

मोटारहोमचा मागील भाग चाकांच्या बराच मागे गेलेला असतो, त्यामुळे येथे तरफेचा नियम कार्य करतो. पुढील व मागील आसांमधील अंतर २० फूट आणि हिच मागील आसाच्या १२ फूट मागे असेल, तर ५०० पौंडांचा भार मागील आसावर ८०० पौंडांनी वाढतो आणि पुढील आसावरून ३०० पौंड उचलतो. पुढील चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड ढिली पडते. म्हणून मोटारहोमचा प्रत्येक आस वेगळा तोलून पाहणे अगत्याचे ठरते. ट्रकचालकांच्या थांब्यांवर असे वजनकाटे असतात.

हलकेपणा कोठून येतो?

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. परंतु त्याचा ताठरपणाही तितकाच कमी असल्याने सांगाडा जाड करावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्षातील बचत तेवढी मोठी नसते. तरीही गंजाच्या दृष्टीने, विशेषतः हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत, हा धातू उजवा ठरतो. किंमत अर्थातच अधिक पडते.

वजन कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आकार आवरणे. तेरा फुटी मोटारीसाठी चोवीस फुटी पेटी घेऊ नये. सोळा-अठरा फूट पुरतात. उंचीही मोटारीपुरतीच असावी, कारण उंच पेटीला आडवे वारे अधिक झोडपतात. वायोमिंगमधील आंतरराज्य महामार्ग ८० अशा वाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. रुंदी मात्र पुरेशी हवी. मोटार आत गेल्यावर चालकाला दार उघडून बाहेर पडता आले पाहिजे. बाजूला सुटकेचे दार असणे उत्तम.

मात्र चाके, ब्रेक आणि सांगाडा यांत काटकसर करू नये. वरील ४,६०० पौंडांच्या ट्रेलरला ३,५०० पौंडांचा एकच आस पुरत नाही. दोन आस हवेत. प्रत्येक चाकाला विद्युत ब्रेक, मोटारहोममध्ये त्यांचा नियंत्रक आणि जोड तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी कळ असावी. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियातही अशा ट्रेलरसाठी हीच मर्यादा आहे. कोलोरॅडोतील आंतरराज्य महामार्ग ७० वरील सात टक्क्यांच्या उतारावर या नियमाचे महत्त्व सहज पटते.

खरेदीपूर्वी

विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील वजन बहुधा मूळ नमुन्याचे असते. कपाटे, दिवे आणि अन्य सोयींचे वजन त्यावर चढते. म्हणून प्रत्यक्ष ट्रेलर काट्यावर तोलूनच व्यवहार पूर्ण करावा. मोटार चढवून जोडावरील भार मोजावा, तो योग्य येईपर्यंत मोटार पुढेमागे सरकवावी आणि चाकांची जागा फरशीवर रंगाने आखून ठेवावी. पुढील प्रत्येक प्रवासात मोटार त्याच रेषेवर उभी राहील आणि चाळीस पौंडांची ती मोकळीक अबाधित राहील.