हरिणाच्या शिकारीचा परवाना आणि रहिवासाची अट

१९७६ साली अमेरिकेतील माँटॅना राज्याच्या रहिवाशास एल्क या मोठ्या जातीच्या हरिणाची शिकार करण्याचा परवाना ९ डॉलरना मिळत असे. परराज्यातून आलेल्या शिकाऱ्यास केवळ एल्कचा परवाना मिळतच नसे. त्याला एक एल्क, एक लहान हरिण, एक काळे अस्वल, काही पक्षी आणि गळाने मासेमारी या सर्वांचा मिळून एकच संयुक्त परवाना २२५ डॉलर भरून घ्यावा लागे. एवढेच सर्व हक्क रहिवाशास हवे असल्यास त्याला ते ३० डॉलरना मिळत. म्हणजे संयुक्त परवान्यासाठी साडेसात पट आणि केवळ एल्कची शिकार करावयाची असल्यास तब्बल पंचवीस पट असा हा भेद होता. शिवाय परराज्यीयांच्या परवान्यांची संख्या १७,००० इतकी मर्यादित केलेली होती. रहिवाशांना अशी मर्यादा नव्हती.

एकाच संघराज्याच्या दोन नागरिकांत असा भेद करणे न्याय्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शिकार हा विषय आपल्या वाचकांस परका वाटेल. परंतु त्यामागील तत्त्वाचा प्रश्न संघराज्यपद्धतीच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. मर्यादित सार्वजनिक संपत्तीवर घटकराज्याच्या रहिवाशांचा अग्रहक्क असावा काय, आणि असल्यास किती, असा तो प्रश्न होय.

१. स्वामित्वाची कल्पना

वन्य पशू जिवंत व मुक्त असेपर्यंत कोणाच्याही खाजगी मालकीचा नसतो, हे इंग्लिश विधिपरंपरेतून अमेरिकेत आलेले तत्त्व आहे. मग त्यावर नियंत्रण कोणाचे? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन न्यायालयांनी याचे उत्तर असे दिले की, राज्य हे आपल्या जनतेच्या वतीने त्या पशूंचे स्वामी आहे. १८२३ च्या कॉरफील्ड विरुद्ध कॉरिएल या खटल्यात न्यू जर्सी राज्याने परक्यांना कालवे गोळा करण्यास केलेली मनाई न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन यांनी ग्राह्य धरली. संविधानाने सर्व राज्यांच्या नागरिकांस दिलेले समान विशेषाधिकार हे ‘मूलभूत’ स्वरूपाच्या हक्कांपुरतेच आहेत. राज्याच्या सामाईक मालमत्तेत वाटा मिळणे हा त्यांत मोडत नाही, असे त्यांचे मत होते. १८९६ च्या गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच स्वामित्वाची कल्पना शिकारी पक्ष्यांना लागू केली.

या कल्पनेतील दोष उघड आहे. हरिण राज्याची सीमा ओळखत नाही. उन्हाळ्यात एका राज्यात चरणारा कळप हिवाळ्यात दुसऱ्या राज्यात उतरतो. आज तो एका राज्याच्या मालकीचा आणि उद्या दुसऱ्याच्या, असे म्हणणे हास्यास्पद ठरते. १९४८ साली टूमर विरुद्ध विट्सेल या खटल्यात न्यायालयाने ही अडचण स्पष्ट शब्दांत मान्य केली. साउथ कॅरोलिना राज्य कोळंबी पकडणाऱ्या रहिवाशाकडून प्रत्येक नौकेमागे २५ डॉलर, तर परराज्यीयाकडून २,५०० डॉलर घेत असे. स्वामित्वाची भाषा ही केवळ एक विधिकल्पना आहे, साधनसंपत्तीचे नियमन करण्याच्या राज्याच्या अधिकाराचे ते संक्षिप्त वर्णन आहे, असे सांगून न्यायालयाने हा भेद अवैध ठरविला. परके लोक हेच संकटाचे विशेष कारण आहेत असे राज्याने दाखविले पाहिजे, आणि केलेला भेद त्या संकटाशी सुसंगत असला पाहिजे, ही कसोटी या खटल्याने घालून दिली.

२. बाल्डविन खटला

माँटॅनातील शुल्कभेदास आव्हान मिळाले ते याच कसोटीच्या आधारे. वादींमध्ये मिनेसोटातील शिकारी होते व परराज्यीय शिकाऱ्यांवर ज्याचा व्यवसाय अवलंबून होता असा माँटॅनाचा एक रहिवासीही होता. २३ मे १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले. त्यांच्या मते कोळंबी पकडणे हा उपजीविकेचा व्यवसाय होता, तर एल्कची शिकार ही करमणूक आहे. ती मिळाली नाही म्हणून राष्ट्राच्या एकात्मतेस बाध येत नाही. एल्कची संख्या मर्यादित आहे, तिचे रक्षण रहिवाशांच्या करांतून होते, म्हणून परक्यांकडून अधिक शुल्क घेण्यात तर्कदुष्टता नाही.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी व्हाइट व मार्शल या सहकाऱ्यांसह भिन्नमत नोंदविले. हक्क ‘मूलभूत’ आहे की नाही हा प्रश्नच अप्रस्तुत आहे; राज्याने भेद केला असेल तर त्याचे समर्थन राज्यानेच केले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. एल्कच्या संख्येस परराज्यीयांपासून विशेष धोका आहे किंवा वाढीव शुल्क त्यांच्यामुळे होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात आहे, असे राज्याने सिद्ध केले नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा या खटल्यात न्यायालयाने गीअरचा निर्णय रद्द केला. अशा रीतीने स्वामित्वाची कल्पना गेली, पण तिच्या छायेत वाढलेला शुल्कभेद राहिला. हा विसंवाद पुढील वादाचे मूळ ठरला.

३. व्यापार की संवर्धन?

अ‍ॅरिझोना राज्याने नर एल्क आणि कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडील शिंगाळे हरिण यांच्या परवान्यांपैकी परराज्यीयांचा वाटा १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला होता. २००२ मध्ये नवव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने म्हटले की, या शिकारीमुळे आंतरराज्य व्यापार चालतो, म्हणून या मर्यादेचे समर्थन काटेकोरपणे तपासले पाहिजे. रहिवाशांना संधी राखून ठेवण्याचा हेतू त्याने वैध मानला. मात्र त्यासाठी इतका कठोर उपाय अपरिहार्य होता काय, हे राज्याने दाखवावे, असा त्याचा आग्रह होता.

पश्चिमेकडील राज्यांत या निर्णयाने खळबळ उडाली. मे २००५ मध्ये काँग्रेसने एक कलम संमत करून रहिवासी व परराज्यीय यांच्यात परवान्यांची संख्या व शुल्क यांबाबत भेद करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि व्यापारविषयक तरतुदीच्या आधारे त्यास हरकत घेण्याचा मार्ग बंद केला. हे कलम संरक्षणखर्च व हिंदी महासागरातील त्सुनामीच्या साहाय्यासाठी केलेल्या विनियोजन कायद्यात घातलेले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. कायद्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. न्याय्यतेचा प्रश्न मात्र मिटला असे म्हणता येत नाही.

४. दोन्ही पक्षांचे म्हणणे

रहिवाशांचा पक्ष दुर्बल नाही. हरिणांनी खाल्लेली पिके व गंजीतील वैरण त्यांची असते. रस्त्यावर हरिणाची धडक बसते ती बहुधा त्यांच्याच वाहनांना. पशूंच्या रक्षणासाठी काही जमीन व काही उद्योग यांचा त्याग तेथील समाज करतो. शिवाय ग्रामीण कुटुंबांत हरिणाचे मांस हे हिवाळ्याचे अन्न असते. धनिक परकीयाने बाजारभावाने सर्व परवाने विकत घेतले, तर जवळ राहणाऱ्या गरिबास आपल्याच रानात प्रवेश उरणार नाही.

परराज्यीयांचा पक्षही तितकाच विचारार्ह आहे. पश्चिमेकडील पुष्कळसे शिकारक्षेत्र राष्ट्रीय वनांत व अन्य संघीय भूमीवर आहे आणि तिचा खर्च सर्व देशाचे करदाते देतात. १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका व दारूगोळा यांवर बसविलेला संघीय कर वन्यजीवरक्षणासाठी राज्यांना वाटला जातो. तो कर प्रत्येक राज्यातील शिकारी भरतो. आणि शेवटचा मुद्दा राज्यशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: ज्याच्यावर शुल्क बसते त्याला त्या विधिमंडळासाठी मताधिकार नाही. ज्यांचे मत नाही त्यांच्यावर भार टाकणे लोकप्रतिनिधीस नेहमीच सोपे जाते.

याहून सूक्ष्म भेदही आढळतात. न्यू मेक्सिकोत सोडतीतील ८४ टक्के परवाने रहिवाशांसाठी, १० टक्के व्यावसायिक मार्गदर्शकाशी करार केलेल्यांसाठी आणि ६ टक्के इतर परराज्यीयांसाठी राखलेले आहेत. वायोमिंगमध्ये संरक्षित निर्जन अरण्यात मोठ्या पशूंची शिकार करावयाची असल्यास परराज्यीयाने मार्गदर्शक किंवा तेथील रहिवासी सोबत घेतलाच पाहिजे. त्याच अरण्यात भटकंती वा मासेमारी करणाऱ्या परक्यावर मात्र असे बंधन नाही. अशा नियमांनी रक्षण पशूंचे होते की स्थानिक व्यवसायाचे, ही शंका स्वाभाविक आहे. माँटॅनातील मतदारांनी २०१० मध्ये जनमताने मार्गदर्शक-व्यावसायिकांच्या ग्राहकांसाठी राखलेले परवाने रद्द केले. रहिवाशांचे हित आणि रहिवासी व्यावसायिकांचे हित एकच नव्हे, हे यावरून दिसते.

५. रहिवासी कोण?

भेद मान्य केला तरी रेषा कोठे ओढावयाची हा प्रश्न उरतोच. माँटॅना सलग १८० दिवसांचे वास्तव्य मागते, वायोमिंग पूर्ण एक वर्षाचे. केवळ वास्तव्य पुरत नाही. मतदारयादीतील नाव, वाहनाची नोंदणी, करपत्रक यांवरून कायम राहण्याचा हेतू तपासला जातो. पण दहा वर्षे मालमत्ताकर भरूनही उन्हाळ्यापुरताच येणारा घरमालक परका ठरतो, आणि काल आलेला भाडेकरू सहा महिन्यांनी स्वकीय होतो. त्याच डोंगरात बालपण घालवून नोकरीनिमित्त बाहेर गेलेला मुलगा वडिलांबरोबर शिकारीस आला, तर त्यास परक्याचे शुल्क पडते. कोणतीही रेषा कोणावर तरी अन्याय करील. म्हणून ती ओलांडण्याचा प्रामाणिक मार्ग खुला असणे हे तिच्या न्याय्यतेचे आवश्यक अंग होय. १९७३ च्या व्हलँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात विद्यापीठीय शुल्काबाबत न्यायालयाने हेच सांगितले: अनिवासी विद्यार्थ्याकडून अधिक शुल्क घेता येईल, परंतु आपण आता रहिवासी झालो हे सिद्ध करण्याची संधी त्यास नाकारता येणार नाही.

६. समारोप

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारपरवान्यांची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने वगळली गेली. त्यामुळे हा प्रश्न या रूपात आपल्यापुढे येत नाही. पण वैद्यकीय महाविद्यालयातील जागा हीही मर्यादित सार्वजनिक संपत्तीच आहे. १९५५ साली डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनिवासी विद्यार्थ्यांवरील जादा शुल्क बहुमताने वैध ठरविले. त्यातील युक्तिवाद ब्लॅकमन यांच्या युक्तिवादाशी बराच जुळतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील रहिवासाधिष्ठित आरक्षण मात्र अवैध ठरविले. संधी जितकी जीवनाच्या मुळाशी जाते तितका रहिवासाचा अग्रहक्क क्षीण होतो, असे या दोन निर्णयांवरून म्हणता येईल.

माझ्या मते शिकारपरवान्यांच्या नियमांची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी. शुल्कातील अंतर स्थानिकांनी सोसलेल्या भाराशी प्रमाणबद्ध आहे काय? परक्यास थोडा तरी खरा वाटा उरतो काय? आणि रहिवासी होण्याचे दार उघडे आहे काय? संख्येची वाजवी मर्यादा या परीक्षेत बहुधा उतरेल. पंचवीस पट शुल्क उतरणे कठीण, आणि मार्गदर्शकाची सक्ती त्याहून कठीण. माँटॅनाचा नियम संविधानाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, हे खरे. परंतु जे संविधानास निषिद्ध नाही ते सर्व न्याय्य असतेच असे नाही. हे अंतर मोजणे हेच आपल्या शास्त्राचे काम आहे.