वेबसाईट तर काढली, पण शेतात उभ्या माणसाला ती वाचता येते का?

समजा, तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला टोमॅटोची पाच हजार रोपं हवी आहेत. वाफसा आलाय, लागण दोन-चार दिवसांत उरकायची आहे. तो बांधावर उभा राहून मोबाईलवर एका रोपवाटिकेची वेबसाईट उघडतो. पान उघडायलाच मिनिट जातं. उघडल्यावर अक्षरं मुंगीएवढी. दरपत्रक म्हणजे कागदाचा फोटो, तो मोठा करावा तर अंधूक दिसतो. फोन नंबर आहे, पण तो बॅनरच्या चित्रात, दाबून काही उपयोग नाही. शेवटी तो कंटाळतो आणि दुसऱ्या रोपवाटिकेला फोन लावतो. पहिल्या मालकाला मात्र गिऱ्हाईक गेल्याचं कळतही नाही.

आपल्याकडे रोपवाटिका, कृषी पर्यटन केंद्रं, मंगल कार्यालयं, शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या वेबसाईट आता बऱ्याच झाल्या. पण त्यातल्या पुष्कळशा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघून पास केलेल्या असतात. गिऱ्हाईक बघतं मोबाईलवर. गूगलसुद्धा आता वेबसाईटची मोबाईलवरची बाजू बघूनच तिची नोंद घेतं. मोबाईलच्या पानावर जो मजकूर नाही, तो शोधात सापडण्याची आशा धरू नका.

आधी मराठी अक्षरं तपासा

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर तसाच वेबसाईटवर टाकला, तर फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यावर उपाय म्हणून काहीजण सगळा मजकूर चित्र करून टाकतात. तो दिसतो खरा, पण शोधात नीट येत नाही, कॉपी होत नाही आणि बोलणाऱ्या मोबाईलला धड वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. आपण व्हॉट्सॲपवर मराठी टाईप करतो, ते युनिकोडच असतं. दरपत्रकही फोटो किंवा पीडीएफऐवजी साध्या तक्त्यात लिहा.

बोलणारा मोबाईल म्हणजे काय?

अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. पडद्यावर जे आहे ते ती वाचून दाखवते, मराठीतसुद्धा. अंध व्यक्ती याच सोयीवर फोन वापरतात. तुमच्या पानावर फोटो असेल आणि त्यामागे वर्णन लिहिलेलं नसेल, तर त्यांना नुसतं ‘इमेज’ किंवा फाईलचं नाव ऐकू येतं. ‘केशर आंब्याचं कलम, दोन वर्षांचं’ एवढी एक ओळ लिहिली की काम झालं. या वर्णनाला वेबसाईटवाले ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतात. पानाची भाषा मराठी आहे अशी खूणही कोडमध्ये करायला सांगा, म्हणजे उच्चार बिघडत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली होती. शिवाय चाळिशीनंतर चष्मा लागलेले, मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे आजी-आजोबा वेगळेच. उन्हात फोन बघणाऱ्यालाही फिकट अक्षरं दिसत नाहीत. म्हणजे ही सोय थोड्या लोकांसाठी नाही, सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, केंद्राने ठरवलेल्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावी, असं त्याचं कलम ४६ सांगतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण मोबाईलवरून होणाऱ्या केवायसीचं होतं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंध व्यक्तींना ती पार पाडता येत नव्हती.

वेबसाईट करणाऱ्याला काय सांगाल?

- पान मोबाईलच्या रुंदीत आपोआप बसलं पाहिजे. आडवं सरकवावं लागता कामा नये.
- दोन बोटांनी मोठं करण्याची सोय बंद करू नका. अक्षरं दुप्पट केली तरी मजकूर कापला जाऊ नये.
- अक्षर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. पिवळ्यावर पांढरं नकोच.
- फोन नंबर दाबला की थेट फोन लागावा. बटणं अंगठ्याने दाबता येतील एवढी मोठी आणि सुटी ठेवा.
- फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याला नाव द्या. चूक झाली तर नुसती लाल चौकट न दाखवता ‘मोबाईल नंबर दहा अंकी हवा’ असं लिहून सांगा.
- कॅमेऱ्याचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, आधी लहान करा.
- व्हिडिओखाली मजकूर द्या, कर्णबधिर ग्राहकालाही कळेल.

घरबसल्या तपासणी

गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या पानावर तुमचा पत्ता टाका. मोबाईलवरचा वेग आणि सुगम्यता यांचे गुण फुकट मिळतात, चुकाही दिसतात. पण यंत्राला सगळंच कळत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात साधा फोन द्या आणि म्हणा, “यावरून शंभर रोपांचा दर सांगा, अन् फोन लावून दाखवा.” आपण शेजारी गप्प बसायचं, मदत करायची नाही. नंतर टॉकबॅक सुरू करून डोळे मिटून तेच काम स्वतः करून बघा. मात्र टॉकबॅक बंद कसं करायचं ते आधी पाहून ठेवा, कारण ते चालू असताना एकदा दाबून नुसतं वाचलं जातं, उघडायला दोनदा दाबावं लागतं.

जिथे माणूस अडला, तिथे तुमचं गिऱ्हाईक अडतंय. ती जागा लिहून घ्या आणि वेबसाईट करणाऱ्याला तेवढंच आधी दुरुस्त करायला सांगा. नवीन वेबसाईट काढत असाल, तर वरच्या गोष्टी पैसे ठरवतानाच कागदावर घ्या. पैसे देऊन झाल्यावर त्या करून घेणं जड जातं.