मिसळलं म्हणजे विरघळलं असं नाही

पाणी आणि व्हिनेगर कितीही प्रमाणात एकत्र करा, थर पडत नाहीत. अशा द्रवांना मिश्रणीय द्रव म्हणतात. सॅनिटायझर, गाडीतलं कूलंट, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ही सगळी याच गुणधर्माची देणगी. तरी त्याबद्दलचे काही समज चुकीचे, काही तर जिवावर बेतणारे आहेत.

गैरसमज : फिनेल पाण्यात विरघळतं.
वस्तुस्थिती : बादलीत झाकणभर पांढरं फिनेल ओतलं की पाणी दुधाळ होतं, आणि हा दुधाळपणाच ते विरघळलं नसल्याची खूण. तेलकट पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात आणि प्रकाश विखुरतात. स्पिरिट पाण्यात टाकलं तर मिश्रण नितळ राहतं, कारण तिथे रेणू रेणूंत मिसळतात.

गैरसमज : ५० मिली आणि ५० मिली मिळून १०० मिली होणारच.
वस्तुस्थिती : ५० मिली पाण्यात ५० मिली शुद्ध इथेनॉल घातलं तर सुमारे ९६ मिलीच भरतं. दोन्हींचे रेणू एकमेकांना ओढून दाटीने बसतात. वजनात मात्र काहीच घट होत नाही.

गैरसमज : अल्कोहोल जितकं शुद्ध, तितके जंतू जास्त मरतात.
वस्तुस्थिती : जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, शिवाय निव्वळ अल्कोहोल लगेच उडून जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या हात निर्जंतुक करण्याच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्केच आहे.

गैरसमज : एकजीव झालेले द्रव वेगळे होत नाहीत.
वस्तुस्थिती : इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. डिस्टिलरीत याच फरकावर ते वेगळं काढतात. मात्र साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे जात नाही. पेट्रोलमध्ये घालण्यासाठी उरलेलं पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढावं लागतं.

गैरसमज : दिसायला स्वच्छ, म्हणजे भेसळ नाही.
वस्तुस्थिती : मिथेनॉलही पाण्यात आणि इथेनॉलमध्ये पूर्ण मिसळतं. त्याचा थर दिसत नाही, रंगही बदलत नाही. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभरावर माणसांचा जीव घेतला, तो याच द्रवामुळे. पेट्रोलमधलं रॉकेलही डोळ्यांना कळत नाही. म्हणून पंपावर हायड्रोमीटरने घनता तपासून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

घरात एक नियम पाळा : ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही पाण्यात सहज मिसळतात, पण एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.