Explained : ‘सिन्स टू इयर्स’ चुकीचे का? वऱ्हाडातल्या ‘करून’, ‘पासून’, ‘पर्यंत’चे इंग्रजी कसे करायचे?

अमरावती-अकोल्यातून पदवी घेऊन पुण्यातल्या कंपन्यांना अर्ज पाठवणाऱ्या तरुणांच्या मेलमध्ये दोन वाक्ये अनेकदा दिसतात. ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’ आणि शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. अर्थ समोरच्याला कळतो, पण दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. मुलाखतीआधी कंपनीकडे तुमची ओळख म्हणून फक्त तो मेल असतो. बँक आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत तर वाक्यातली चूक शोधण्याच्या प्रश्नांवर थेट गुण असतात.

राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही या चुका राहतात, कारण आपण मनात मराठी वाक्य तयार करतो आणि शब्दाला शब्द ठेवत जातो. गंमत म्हणजे यातला अर्धा नियम मराठीतही जसाच्या तसा आहे. तो कुठपर्यंत साथ देतो आणि कुठे दगा देतो, एवढे कळले की काम सोपे होते.

मूळ नियम काय आहे?

मराठीत ‘जेव’ या क्रियापदाला थेट ‘आधी’ जोडता येत नाही. ‘जेवआधी’ असे कुणी म्हणत नाही. आधी ‘जेव’चे ‘जेवणे’ हे नाम होते, त्याचे सामान्यरूप ‘जेवण्या’ होते आणि मग ‘जेवण्याआधी’ तयार होते.

इंग्रजीत हेच काम ‘इंग’ करते. ‘ईट’चे ‘ईटिंग’ झाले की ते नाम बनते. यालाच जेरंड म्हणतात. फरक फक्त जागेचा. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीतले प्रीपोझिशन नामाच्या पुढे बसते.

- जेवण्याआधी : बिफोर ईटिंग
- जेवण्याऐवजी : इन्स्टेड ऑफ ईटिंग
- जेवल्यानंतर : आफ्टर ईटिंग
- न जेवता : विदाउट ईटिंग

म्हणून ‘बिफोर टू गो’ किंवा ‘विदाउट ईट’ चालत नाही. प्रीपोझिशननंतर क्रियापद आले, तर ते ‘इंग’ लावूनच येते.

मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू’नंतर ‘मीट’ का नाही?

कारण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. ‘आय वॉन्ट टू मीट यू’ यातला ‘टू’ क्रियापदाचा भाग आहे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ मात्र प्रीपोझिशन आहे. त्यामुळे तिथे ‘मीटिंग यू’ हवे.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ पूर्ण वाटते, म्हणजे ‘इंग’ लावा. ‘आय वॉन्ट टू इट’ अर्थहीन होते, म्हणजे साधे क्रियापद ठेवा.

‘यूज्ड टू’ची गल्लतही इथेच होते. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन अकोला’ म्हणजे मी पूर्वी अकोल्यात राहायचो. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन अकोला’ म्हणजे मला अकोल्यात राहायची सवय आहे. मे महिन्याचे ऊन धरून!

एक ‘करून’, इंग्रजीत तीन वाटा

वऱ्हाडातल्या मुलांसाठी खरी अडचण ‘करून’ची आहे. प्रमाण मराठीत हे रूप मुख्यतः दोन कामे करते, वऱ्हाडीत तिसरे काम जोडले जाते.

१. एकामागून एक क्रिया : ‘अभ्यास करून झोपलो.’ इथे आधी एक, मग दुसरे. इंग्रजीत ‘आफ्टर स्टडिंग’.

२. साधन किंवा पद्धत : ‘रोज सराव करून त्याने इंग्रजी सुधारले.’ इथे ‘करून’ म्हणजे कशामुळे, कशाच्या आधारे. इंग्रजीत ‘बाय प्रॅक्टिसिंग एव्हरी डे’.

३. चालू क्रिया : ‘मी अभ्यास करून रायलो.’ पुण्याचा माणूस इथे ‘करतोय’ म्हणेल. इंग्रजीत ‘आय ॲम स्टडिंग’. इथे प्रीपोझिशनचा संबंधच नाही.

म्हणजे ‘करून’ दिसले की आधी विचारायचे : ‘नंतर’ म्हणायचे आहे, ‘च्या साहाय्याने’ म्हणायचे आहे, की काम अजून चालू आहे?

‘सिन्स टू इयर्स’मध्ये दोन चुका

‘मी दोन वर्षांपासून काम करून रायलो.’ वाक्य अगदी बरोबर आहे. मराठीचे ‘पासून’ दोन्ही ठिकाणी चालते : ‘२०२३ पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. इंग्रजी मात्र इथे फरक करते.

- सुरुवात कधी झाली ते सांगायचे असेल तर ‘सिन्स’ : सिन्स २०२३, सिन्स मंडे, सिन्स जॉइनिंग द कंपनी.
- किती काळ ते सांगायचे असेल तर ‘फॉर’ : फॉर टू इयर्स, फॉर टेन मिनिट्स.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘करून रायलो’वरून आपण ‘आय ॲम वर्किंग’ लिहितो. पण मागे सुरू झालेले काम आजही चालू असेल आणि त्याचा काळ सांगायचा असेल, तर ‘हॅव बीन’ लागते. म्हणून पूर्ण वाक्य : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’.

‘पर्यंत’ : अर्ज हुकवणारा शब्द

‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत ये’. दोन्हीकडे ‘पर्यंत’च आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल फाइव्ह’, दुसऱ्याला ‘बाय फाइव्ह’. काम त्या वेळेपर्यंत सलग चालणार असेल तर ‘टिल’. त्या वेळेच्या आत एकदाच उरकायचे असेल तर ‘बाय’.

ऑनलाइन अर्जावर ‘सबमिट बाय फाइव्ह पीएम’ असेल, तर पाचच्या आत अर्ज गेलेला हवा. पाचला फॉर्म भरायला बसून उपयोग नाही.

‘इन’ आणि ‘विदिन’ही तपासून वापरा. ‘दोन तासांनी येतो’ आणि ‘दोन तासांत येतो’ यातला फरक मराठी प्रत्ययानेच दाखवते. ‘आय विल कम इन टू अवर्स’ म्हणजे साधारण दोन तासांनी. मुदतीच्या आत म्हणायचे असेल तर ‘विदिन’. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये उत्तरासाठी अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे, तिथे कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘विदिन’च वापरले आहे.

बाकी वेळेचे गणित सोपे आहे. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना आणि वर्षाला ‘इन’. पण ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट इयर’, ‘एव्हरी डे’ यांच्याआधी काहीच लावायचे नाही.

नियम पाळूनही वाक्य कुठे फसते?

‘बडनेऱ्याला पोहोचल्यावर गाडी निघून गेली होती.’ मराठीत कोण पोहोचले ते संदर्भावरून कळते. तेच ‘आफ्टर रीचिंग बडनेरा, द ट्रेन हॅड लेफ्ट’ असे लिहिले, तर बडनेऱ्याला गाडीच पोहोचली असा अर्थ होतो! कारण सुरुवातीला ‘आफ्टर रीचिंग’ असे आले, तर ती क्रिया स्वल्पविरामानंतर येणाऱ्या कर्त्याची मानली जाते. कर्ते दोन असतील तर दोन्ही लिहावेत : ‘बाय द टाइम आय रीच्ड बडनेरा, द ट्रेन हॅड लेफ्ट’.

‘-साठी’चेही असेच. ‘मी शिकण्यासाठी पुण्याला आलो’ याचे ‘फॉर स्टडिंग’ होत नाही, ‘आय केम टू पुणे टू स्टडी’ होते. माणसाचा हेतू असेल तर ‘टू’. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि ‘इंग’. कापसाची सरकी वेगळी करणारे यंत्र म्हणजे ‘ए मशीन फॉर जिनिंग कॉटन’. आभार मानतानाही ‘थँक यू फॉर कमिंग’.

मेल पाठवण्याआधी या ४ गोष्टी तपासा

- प्रीपोझिशननंतर क्रियापद आहे का? मग ‘इंग’ लावले का?
- ‘पासून’ आहे का? सुरुवात सांगायची की कालावधी?
- ‘पर्यंत’ आहे का? काम सलग चालणार की एकदाच होणार?
- वाक्य ‘आफ्टर’, ‘बिफोर’ किंवा ‘बाय’ने सुरू होते का? मग पुढचा कर्ता तोच आहे का?

‘करून रायलो’ ही चूक नाही, ती वऱ्हाडीची स्वतःची, नियमाने चालणारी रचना आहे. ती बोलताना बिनधास्त बोला. इंग्रजी लिहिताना मात्र शब्द बदलण्याआधी त्या शब्दाचे त्या वाक्यातले काम ओळखा.