तांबडी शाई का फुटली?

मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा व्यवसाय, आणि तो मी करते चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमध्ये बसून. घराच्या एका अंगाला जुना महाबलीपुरम रस्ता आणि एल्कॉटचा आयटी टापू, दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर समुद्र. डोळ्यांवरचा ताण वाढला तसा २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला, लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला जोडला आणि कामाला बसले. माउसचा बाण अडखळत चालत होता. सेटिंगमध्ये ३० हर्ट्‌झ दिसलं म्हणून ६० केलं. बाण सुरळीत झाला, पण दुरुस्त्यांची लाल अक्षरं बिघडली. काळा मजकूर स्वच्छ, आणि त्याच ओळीतला लाल रफार मात्र ओलसर कागदावर शाई फुटावी तसा पसरलेला. तो रफार आहे की नुसता अनुस्वार, हेच कळेना. मुद्रितशोधकाला यापरता ताप नाही.

मॉनिटरच सदोष आला असं धरून मी तो परत करायला निघाले होते. शेजारी सांगलीचा एक मुलगा राहतो, इथल्याच एका कंपनीत काम करतो. तो म्हणाला, "काकू, आधी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा." पाठवला. त्याच्या फोनवर रफार लखलखीत! म्हणजे संगणकाने अक्षर बरोबर रंगवलं होतं. घोळ त्यापुढचा होता, वाटेतला किंवा पडद्याचा. ही चाचणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि वायर किंवा मॉनिटर बदलायला धावण्याआधी प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं.

घोळ हिशेबाचा होता. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट, आणि हे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२ गीगाबिट. माझ्या लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४ पिढीचा. कागदावर त्याची क्षमता १०.२ गीगाबिट, पण चित्रासाठी त्यातले ८.१६ च मिळतात. मग एक तर चित्रं निम्मी पाठवायची, म्हणजे ३० हर्ट्‌झ, किंवा रंग कमी पाठवायचा. ६० निवडल्यावर लॅपटॉपने मला न विचारता दुसरा मार्ग धरला. उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा पाठवला, रंग मात्र चार ठिपक्यांच्या चौकोनात मिळून एकच. आपल्या डोळ्याला रंगातला बारकावा कमी जाणवतो, म्हणून सिनेमे असेच साठवतात आणि ते छान दिसतात. पण दोन-तीन ठिपके जाडीचा लाल रफार त्या चौकोनात शेजारच्या पांढऱ्यात कालवला जातो.

उपाय निघाला तो लॅपटॉपच्याच दुसऱ्या अंगाला. यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्टला जाणारी वायर लावली. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये चित्रासाठी १७ गीगाबिटच्या वर जागा आहे. रफार जागेवर आला. मात्र सगळी यूएसबी-सी भोकं दिसायला सारखी असली तरी काहींतून फक्त चार्जिंग होतं, चित्र जात नाही; तेव्हा लॅपटॉपची माहिती वाचूनच वायर घ्यावी. ती आणायला रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले होते. तिथे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या हबच्या खोक्यांवर '४के' ठसठशीत असतं आणि '३० हर्ट्‌झ' बारीक अक्षरात. ते बारीक अक्षर आधी वाचायचं.

चित्र खराब दिसलं की आपण वायरीला दोष देतो, ती सवय व्हीजीएच्या काळातली. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या त्या पंधरा पिनांच्या जोडणीत चित्र विजेच्या चढउतारांतून जायचं. वायर लांब किंवा हलकी असली की अक्षरांना सावली यायची, कडा मऊ व्हायच्या. आताच्या वायरीतून आकडे जातात. कमकुवत वायरीने चित्र किंचित फिकं किंवा धूसर होत नाही. चांदण्यांसारखे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो, नाहीतर 'नो सिग्नल'. सोन्याचा मुलामा दिलेली पिन रंग खुलवत नाही. ती गंजत नाही एवढंच, आणि आमच्या इथल्या खाऱ्या, दमट हवेत तेवढ्याचंही मोल आहे.

पॅनेलचा, म्हणजे खुद्द पडद्याचा, दोष मात्र जागा सोडत नाही. खिडकी सरकवली तरी कोपऱ्यातला पांढुरका उजेड तिथेच राहतो. आयपीएस जातीच्या पॅनेलचा काळा रंग रात्री राखाडी वाटतो, कारण त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक. व्हीए जातीच्या पॅनेलचा तीन हजारांच्या आसपास. स्वस्तातली कित्येक पॅनेलं प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी ६४ च छटा खऱ्या दाखवतात आणि मधल्या छटा भरभर लुकलुकून भासवतात. मावळतीच्या आकाशात पट्टे दिसतात ते बरेचदा त्यामुळे.

माझा जुना २४ इंची फुल एचडी मॉनिटर अजून टेबलावर आहे. त्यावर इंचाला ९२ ठिपके, नव्यावर १६३. बारा पॉइंटचा अनुस्वार जुन्यावर जेमतेम दोन ठिपक्यांचा होतो. 'किं'ची वेलांटी आणि तिच्यावरचा अनुस्वार एकमेकांत मिसळतात. हा त्या काचेचाच आवाका, वायर कुठलीही जोडा. त्यावर मी आता पत्रव्यवहार उघडते. मुद्रितं नव्यावर, आणि रोज सकाळी पहिल्या फायलीतला एक लाल रफार मोठा करून बघते.